जुनी जीप, मागे ट्रेलर: रील भारी, पण रस्त्यावर चालेल का?

मागच्या रविवारी सकाळी स्वारगेटला जेधे चौकात सिग्नलला थांबलो होतो. पुढे एक जुनी जीप आणि तिच्या मागे तितकाच जुना छोटा ट्रेलर. आजूबाजूच्या निम्म्या दुचाकीवाल्यांचे मोबाईल लगेच बाहेर आले. मीही फोटो काढून ग्रुपवर टाकला. लगेच मित्राचा प्रश्न: "आजोबांच्या पद्मिनीमागे कॅराव्हॅन लावून महाबळेश्वरला जाता येईल का रे?"

उत्तराचे दोन भाग आहेत: कागद आणि ब्रेक.

आधी कागद

जुलै 2021 मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं पूर्ण झालेली आणि मूळ स्वरूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी म्हणजे व्हिंटेज. नोंदणीचे 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, पुढच्या नोंदणीला 5,000. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. पण खरी मेख पुढे आहे. ही गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. सहल यात बसत नाही.

मित्राच्या आजोबांची पद्मिनी 1985 ची, म्हणजे अजून पन्नाशीच्या आतली. कायद्याच्या लेखी ती व्हिंटेज नाही, फक्त जुनी. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी नव्याने करावी लागते, आणि ऑगस्ट 2025 पासून 20 वर्षांपेक्षा जुन्या कारसाठी ही फी 10,000 झाली आहे. पहिल्या दहा वर्षांचा हिशेब केला तर दोन्हीकडे 20,000 च! शिवाय जुन्या गाडीला पर्यावरण कर वेगळा.

म्हणजे जी गाडी वारसा ठरते ती फिरवता येत नाही, आणि जी फिरवता येते तिला वारसा कोणी म्हणत नाही.

ट्रेलरचं काय? मोटार वाहन कायदा, 1988 मधल्या 'मोटार वाहन' या व्याख्येत ट्रेलरही येतो. त्यामुळे त्याचीही स्वतंत्र नोंदणी लागते. ओळखीच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करून बनवलेला ट्रेलर इथेच अडकतो. राज्याने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं, पण जुन्या गाड्यांची ही अडचण त्याने सुटत नाही.

आता ब्रेक

पद्मिनीचं इंजिन 1089 सीसीचं, ताकद साधारण 40 हॉर्सपॉवर, वजन 900 किलोच्या आसपास. मागे 600 किलोचा ट्रेलर लावला की एकूण 1,500 किलो. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील, तर त्याच ब्रेकवर 67 टक्के जास्त भार.

घाट चढताना गाडी फार तर दमेल. धोका उतारावर आहे. 100 मीटर उंची उतरताना जेवढी ऊर्जा जिरवावी लागते, तेवढ्यात ताशी 60 च्या वेगावरून सात वेळा पूर्ण थांबता येतं. हे सगळं ब्रेकवर टाकलं तर ड्रम तापतात आणि पकड सुटते. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर ट्रकचे ब्रेक निकामी होऊन काय होतं, हे पुणेकरांना सांगायला नको. उपाय जुनाच: उताराला लागण्याआधीच खालचा गिअर टाका आणि इंजिनला गाडी रोखू द्या.

दुसरा धोका ट्रेलर डोलण्याचा. सामान मागे भरलं की ट्रेलर शेपटीसारखा हलतो आणि पुढच्या गाडीलाही हलवतो. ट्रेलरच्या एकूण वजनाचा 10 ते 15 टक्के भार हुकवर यायला हवा. 600 किलोच्या ट्रेलरला 60 ते 90 किलो. घरातला वजनकाटा हुकच्या टोकाखाली ठेवून हे मोजता येतं, मात्र काट्याची क्षमता आधी बघा.

मग करायचं काय?

जुनी गाडी किंवा ट्रेलर घेण्याआधी एमपरिवहन ॲपवर दोन्हींचे नंबर टाकून नोंदणीची मुदत तपासा. वे-ब्रिजवर वजन करा. हुक बसवण्याआधी आरटीओत विचारा, कारण चासीला हात लावला तर 'मूळ स्वरूप' हा मुद्दा येतो.

आणि सरकारकडून एक अपेक्षा: ब्रेक तपासणी पास झालेल्या व्हिंटेज गाडीला वर्षातले ठरावीक दिवस सहलीची ऑनलाइन परवानगी द्यावी. सध्याच्या नियमात गाडी जपणाऱ्याला ती गॅरेजमध्येच ठेवावी लागते, आणि चालवली नाही तर जुनी गाडी आणखी लवकर बिघडते.

मित्राला मी एवढंच सांगितलं: महाबळेश्वरला पद्मिनी ने, पण ट्रेलरशिवाय. आणि निघण्याआधी ब्रेक दाखवून घे.