स्वस्त डिजिटल घड्याळाच्या बाजूने



मुलांच्या मनगटावरील स्मार्ट घड्याळांचे काय करायचे, हा विषय सध्या आपल्या शाळेत चर्चेत आहे. काही पालक म्हणतात, मोबाईलप्रमाणेच सगळ्या घड्याळांवर सरसकट बंदी घाला, म्हणजे कटकटच मिटेल. काहींना वाटते, मुलगी शिकवणीहून घरी पोहोचेपर्यंत जीव टांगणीला लागतो, तेव्हा घड्याळ काढून घेऊ नका. दोन्ही बाजूंची काळजी खरी आहे. परंतु या दोहोंच्या मध्ये एक तिसरी वाट आहे, आणि ती आपल्याच नववी-दहावीच्या काही मुलांनी न सांगता दाखवून दिली आहे. त्यांच्या हातावर पुन्हा ते जुने, काळे, चौकोनी, स्वस्त डिजिटल घड्याळ दिसू लागले आहे. आई-बाबा शाळेत होते तेव्हाचेच. माझे मत असे की शाळेने या घड्याळाला बंदी तर घालू नयेच, उलट त्याचे स्वागत करावे.

या घड्याळाचा इतिहास थोडक्यात सांगते. मुलांना तो माहीत असायला हवा. अमेरिकेतील हॅमिल्टन कंपनीने १९७२ साली 'पल्सार' नावाचे पहिले डिजिटल हातघड्याळ बाजारात आणले. ते सोन्याचे होते आणि किंमत होती २,१०० डॉलर. त्याचे लाल आकडे इतकी वीज खात, की बटण दाबले तरच वेळ दिसे. पुढच्याच वर्षी जपानच्या सेइको कंपनीने द्रवस्फटिकाचे, म्हणजे एलसीडीचे, सहा आकडी घड्याळ काढले. त्यात वेळ सतत दिसू लागली. १९७६ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने प्लॅस्टिकचे डिजिटल घड्याळ वीस डॉलरला विकायला काढले. अवघ्या चार वर्षांत श्रीमंतांची चैन सामान्य माणसाच्या हाताशी आली. कॅसिओ कंपनी १९७४ मध्ये या धंद्यात उतरली आणि १९८९ मध्ये तिने एफ-९१डब्ल्यू हे घड्याळ काढले. आज मुलांच्या हातावर जे दिसते ते बहुधा हेच किंवा याचेच भावंड. तीन दशके उलटून गेली, तरी ते जवळजवळ जसेच्या तसे विकले जाते.

आपल्याकडे त्या काळी घड्याळ म्हणजे एचएमटी. १९६१ मध्ये बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने त्याचा कारखाना सुरू झाला. दहावी पास झाल्यावर मिळालेले, रोज सकाळी चावी द्यावी लागणारे घड्याळ अनेक आजोबांच्या कपाटात अजून असेल. तो कारखाना बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ साली घेतला. चावीचे घड्याळ ही आता जपून ठेवण्याची वस्तू झाली. स्वस्त डिजिटल घड्याळ मात्र अजून रोजच्या वापरात आहे. असे का व्हावे?

पहिले कारण असे की ते नेमलेले काम चोख करते आणि त्याबदल्यात आपल्याकडे काही मागत नाही. एफ-९१डब्ल्यूचे वजन २१ ग्रॅम, म्हणजे दहा-बारा कागदी पानांच्या वहीपेक्षाही कमी. वेळ, वार, तारीख, एक गजर, तासाला एक टिकटिक आणि स्टॉपवॉच, बस्स. एक सेल सुमारे सात वर्षे चालतो. पाचवीत घातलेले घड्याळ बारावीपर्यंत त्याच सेलवर चालू शकते! स्मार्ट घड्याळ रोज नाही तर दोन-चार दिवसांनी चार्जिंगला लावावे लागते. शिवाय ते सतत मुलाला हाक मारत असते. कोणाचा निरोप आला, किती पावले झाली, आता उभे राहा, आता श्वास घ्या. गणिताच्या तासाला पायथागोरसशी झगडणाऱ्या मुलाला या हाका परवडणाऱ्या नाहीत.

दुसरे कारण समानतेचे आहे. आपल्या शाळेत डॉक्टरांची मुले आहेत, तशीच रिक्षा चालवणाऱ्यांची आणि पोळीभाजी केंद्रात काम करणाऱ्या मावशींचीही आहेत. गणवेश आपण का ठेवला? घरची परिस्थिती वर्गात दिसू नये म्हणून. मग गणवेशाच्या बाहीखाली वीस-तीस हजारांचे यंत्र आले, तर त्या गणवेशाला अर्थ काय उरला? हजार-दीड हजार रुपयांच्या घरातले घड्याळ ही काही कुटुंबांना आजही मोठी खरेदी आहे, हे मला ठाऊक आहे. पण ती एकदाच करायची असते, आणि मोठ्या भावाचे घड्याळ धाकटीला सहज चालते.

तिसरे कारण मी विज्ञान शिकवते म्हणून सांगते. हे घड्याळ म्हणजे मनगटावरची छोटी प्रयोगशाळा आहे. आत क्वार्ट्झचा बारीक स्फटिक असतो. विजेच्या स्पर्शाने तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हाच विचित्र आकडा का? मुलांनो, दोनाला दोनाने गुणत जा. पंधरा वेळा दोन घेऊन गुणाकार केला की ३२,७६८ येतात. घड्याळातील मंडल या कंपनांची निम्मी, पुन्हा निम्मी अशी पंधरा वेळा विभागणी करते आणि शेवटी सेकंदाला एक ठोका उरतो. घातांकाचा धडा मनगटावर बांधलेला आहे! कंपनी सांगते की हे घड्याळ महिन्याला जास्तीत जास्त तीस सेकंद पुढे-मागे होईल. म्हणजे दिवसाला एक सेकंद, ८६,४०० सेकंदांत एकाची चूक. एवढ्या अचूकतेने आपण किती कामे करतो, याचा विचार करून पाहावा.

स्टॉपवॉच तर फारच उपयोगी. एक मीटर दोरीला दगड बांधून लंबक करा आणि वीस आंदोलने मोजा. साधारण चाळीस सेकंद लागतील. दोरी पाव मीटर करा, वेळ निम्मी होईल. क्रीडादिनाला शंभर मीटरची शर्यत मोजा, जिना चढण्यापूर्वी व नंतर नाडीचे ठोके मोजा. चाळीस मुलांच्या वर्गात दहा घड्याळे असली, तरी प्रत्येक गटाला एक उपकरण मिळाले.

आणखी एक गंमत. या घड्याळाला वर्ष कळत नाही, त्यामुळे त्याच्या लेखी फेब्रुवारी नेहमी २८ दिवसांचाच. लीप वर्षी २९ फेब्रुवारीला तारीख हाताने दुरुस्त करावी लागते. चार वर्षांतून एकदा का होईना, मुलाला पृथ्वीच्या प्रदक्षिणेची आठवण होते.

आता आक्षेपांकडे वळू. सर्वात गंभीर आक्षेप आपल्या मराठीच्या शिक्षकांचा आहे आणि तो मला मान्य आहे. डिजिटल घड्याळ पाहणारे मूल 'सात पंचेचाळीस' म्हणते, बहुतेक वेळा 'सेव्हन फॉर्टीफाइव्ह' म्हणते. 'पावणेआठ' त्याच्या तोंडून जाते. सव्वा, साडे, पावणे, दीड, अडीच हे शब्द काट्याच्या घड्याळाच्या पाव-पाव भागांवर बसलेले आहेत. आपल्या पणजोबांनी पावकी, निमकी, सवायकी, दिडकी पाठ केली ती याच हिशेबाने. पिढ्यान्‌पिढ्या बडोद्यात राहिलेल्या आपल्या मंडळींना भाषा कशी झिजते ते वेगळे सांगायला नको. आधी पुस्तकातले शब्द जातात, मग स्वयंपाकघरातले. वेळ सांगण्याचे शब्द गेले, तर रोज दहा वेळा मराठी बोलण्याची संधी गेली.

पण याचा दोष त्या गरीब घड्याळाला देऊन चालणार नाही. उपाय सोपा आहे. मनगटावर आकडे राहू देत, वर्गाच्या भिंतीवर मात्र काट्याचे घड्याळ हवेच. आज आपल्या कित्येक वर्गांत ते नाही किंवा बंद पडलेले आहे. रावपुऱ्यात १८९६ साली चिमणाबाईंच्या स्मरणार्थ घड्याळाचा टॉवर उभा राहिला, तो सगळ्या गावाला वेळ दिसावी म्हणून. वर्गातल्या चाळीस मुलांना तेवढी सोय आपण करू शकत नाही का? दुसरे म्हणजे, घरी विचारताना 'किती वाजले?' एवढेच विचारू नका, 'मराठीत सांग' म्हणा. ७:४५ वाचून 'पावणेआठ' म्हणायला मुलाला साठातून पंचेचाळीस वजा करावे लागतात. यात भाषा आणि गणित दोन्ही आले.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. मूल कुठे आहे हे या घड्याळावरून कळत नाही, हे खरेच. त्यासाठी शाळेच्या कार्यालयातील फोन मुलांना निःसंकोच वापरता आला पाहिजे, आणि ती जबाबदारी शाळेने घेतली पाहिजे. तिसरा आक्षेप परीक्षेचा. नीटसारख्या परीक्षेत कोणतेच घड्याळ आत नेता येत नाही, तर बोर्डाचे नियम वेगळे असतात. त्या त्या वर्षीचे प्रवेशपत्र नीट वाचावे, हाच मार्ग.

काही व्यावहारिक सूचना. मंगळ बाजारात हुबेहूब दिसणाऱ्या नकली वस्तू मिळतात, तेव्हा पावती देणाऱ्या दुकानातूनच घ्यावे. पट्टा काही वर्षांनी तुटतो, तेव्हा घड्याळ न टाकता पट्टा बदलावा. पाण्याचे शिंतोडे चालतात, पण पोहायला जाताना काढून ठेवावे. आणि महत्त्वाचे, काढलेला सेल लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नये. गिळला गेल्यास तो जिवावर बेतू शकतो.

शेवटी विश्वस्त मंडळींना नम्र विनंती. नियम करताना 'घड्याळ' असा एकच शब्द वापरू नये. ज्यावर निरोप येतात, फोन होतो, फोटो निघतो, ते यंत्र शाळेच्या वेळेत नको. जे फक्त वेळ सांगते, ते हवे. आणि प्रत्येक वर्गात काट्याचे एक चालू घड्याळ लावावे. त्याचा सेल बदलण्याचे काम वर्गप्रमुखाकडे द्यावे. यास खर्च फारसा नाही. आपल्या मुलांना वेळ पाहता यावी, पाळता यावी आणि आपल्या भाषेत सांगताही यावी, एवढेच मागणे आहे.