अडकलेला प्लग : जोर नको, सबुरी हवी

जुन्या पेट्रोल ट्रकचा प्लग निघेनासा झाला, की पान्याला लांब नळी लावून जोर करण्याची चाल खेडोपाडी दिसते. ती सर्वथा त्याज्य होय. इंजिनाचे हेड पुष्कळदा ॲल्युमिनियमचे असते. पोलादी प्लगापुढे त्याचे आटे टिकत नाहीत. आटे गेले, तर क्षुल्लक प्लगापायी हेड उतरविण्याची पाळी येते आणि ऐन हंगामात माल शेतातच पडून राहतो. म्हणून इंजिन थंड होऊ द्यावे, प्लगाभोवतीची धूळ काढावी व गंज सोडविणारे तेल घालून रात्रभर थांबावे. मग थोडा सैल, थोडा घट्ट असा फिरवीत प्लग काढावा. नवा प्लग आरंभी हातानेच बसवावा. ग्रामसेवकांनी हे प्रत्यक्ष करून दाखवावे. एका रात्रीचा खोळंबा हा तोटा नव्हे, बचतच होय.