लूप लिहिण्याआधी

नव्याने कामाला लागलेल्या मुलांच्या कोडमध्ये एक प्रकार हमखास सापडतो. डेटाबेसमधून ग्राहकांची यादी मागवायची आणि मग लूप लावून एकेका ग्राहकाच्या ऑर्डरी वेगळ्या मागवायच्या. ग्राहक 10,000 असले की डेटाबेसकडे 10,001 फेऱ्या. एसक्यूएलमध्ये एका जॉइनने हे काम एकाच फेरीत होतं. दोष मुलांचा नाही. त्यांना वर्षभर पायथन नाहीतर जावा शिकवतात आणि एसक्यूएल शेवटच्या चार तासांत उरकतात. मग लूपची सवय इथेही येते.

पायथनमध्ये आपण कृती लिहितो: आधी हे कर, मग ते. एसक्यूएलमध्ये फक्त उत्तर कसं हवं ते सांगायचं. कुठलं टेबल आधी वाचायचं, इंडेक्स वापरायचा की सगळ्या ओळी चाळायच्या, ते डेटाबेस बघून घेतो. आयबीएमच्या एडगर कॉड यांनी 1970 मध्ये रिलेशनल मॉडेल मांडलं, त्यामागे हाच आग्रह होता. डेटा आत कसा रचलाय याची काळजी वापरणाऱ्याला नको. पण वाट निवडायची कशी? 1979 मध्ये पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी प्रत्येक वाटेचा खर्च अंदाजून स्वस्तातली निवडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. डेटाबेसमधले वाट निवडणारे आजचे बरेच प्लॅनर त्याच वळणाचे आहेत.

पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये क्वेरीच्या आधी 'एक्स्प्लेन' लिहून पाहा; निवडलेली वाट, म्हणजे प्लॅन, दिसतो. टेबलात मोजक्या ओळी असतील तर इंडेक्स असूनही डेटाबेस बहुधा सरळ सगळं टेबल वाचतो. तेच टेबल लाखांत गेलं आणि हवी असलेली ओळ एखादीच असली, की क्वेरीतलं अक्षरही न बदलता इंडेक्सकडे वळतो. हाताने लिहिलेला लूप पहिल्या दिवशीच्याच वाटेने जात राहतो.

डेटाबेसला वाट बदलण्याची ही मोकळीक मिळते ती एसक्यूएल ही भाषा मुद्दाम तोकडी ठेवल्यामुळे. जावातला कुठलाही प्रोग्रॅम थांबेल की नाही, हे आधी ठरवणारी सरसकट रीत असूच शकत नाही. गणितज्ञ ट्युरिंग यांनी 1936 मध्येच ते दाखवलं. साधी सिलेक्ट क्वेरी मात्र थांबतेच, आणि अर्थ न बदलता तिची उलटापालट करता येते. त्याची किंमतही होती. साहेबाचा साहेब, त्याचाही साहेब अशी कितीही लांब साखळी शोधायची सोय एसक्यूएलच्या मानकात 1999 मध्ये आली. मला तो सौदा रास्त वाटतो.

म्हणून कॉलेजांकडे माझी मागणी आहे: एसक्यूएलला पूर्ण सत्र द्या, आणि पहिल्याच प्रॅक्टिकलला मुलांना 'एक्स्प्लेन'चा प्लॅन वाचायला बसवा.