सात दिवसांची ताई नको

मंडळाच्या ग्रुपवर सध्या एकच विषय चालू आहे. डिसेंबरात पांढुर्णा-सौंसरकडच्या शाळांमध्ये सात दिवसांचं शिबिर घ्यायचं, गोष्टी सांगायच्या, नाटुकलं बसवायचं, ‘गरजू’ मुलांना वह्या वाटायच्या. कल्पना चांगल्या मनाने सुचली आहे, यात शंका नाही. तरी माझा तिला विरोध आहे, आणि मी सौंसरकडचीच असल्यामुळे तो जरा स्पष्ट मांडते.

पहिलं कारण अगदी साधं आहे. ज्यांच्यासाठी आपण जाणार, त्यातली बरीच मुलं डिसेंबरात शाळेत नसतात. तेव्हा कापसाची वेचणी जोरात असते, संत्र्याची तोडणी चालू असते. आई-बाप मजुरीला गेले की मोठी पोरगी धाकट्याला घेऊन घरी थांबते. थोडी मोठी असेल तर स्वतःच वेचायला जाते. आपण पोहोचू तेव्हा पहिल्या बाकावरची, इस्त्रीचा गणवेश घातलेली पोरं आपल्यासमोर बसतील. त्यांना मजा येईल, फोटोही छान येतील. मागचा बाक मात्र रिकामाच असेल.

गरजू म्हणजे नेमकं कोण, हेही एकदा बोलून घेऊ. आमच्याकडे राज्याची सीमा नकाशात आहे, सोयरिकीत नाही. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर-अमरावती एकीकडे गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये त्यातूनच पांढुर्णा आणि सौंसर तालुक्यांचा वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. पण लेकी आजही वरुड, नरखेड, काटोलकडे दिल्या जातात आणि तिकडच्या इकडे येतात. आता समजा, तिकडे दिलेल्या बाईचा नवरा वारला आणि ती दोन लेकरं घेऊन पांढुर्ण्याला माहेरी आली. मुलाची टीसी महाराष्ट्रातल्या शाळेत अडकलेली. इकडे प्रत्येक कामाला लागतो तो समग्र आयडी त्याच्याकडे नाही. आजी म्हणते, पुढच्या वर्षी पाहू. हे ‘पुढचं वर्ष’ कसं असतं ते आपण जाणतोच.

कायदा या मुलाच्या बाजूने आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे टीसी यायला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंतच्या वर्गात प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही. वयाचा दाखला नाही म्हणूनही परत पाठवता येत नाही. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत पात्र मुलाला प्रायोजकत्व म्हणून महिन्याला ४००० रुपये मिळू शकतात, आणि विधवा आईची मुलंही त्यात बसतात. पण हे त्या आजीला सांगणार कोण? अर्ज भरून, झेरॉक्स जोडून, चार वेळा खेटे घालणार कोण? मास्तर बी.एल.ओ.ची कामं, माहिती भरणं आणि दोन वर्ग एकत्र सांभाळणं यातच बुडालेले. इथे शाळेत एक तिसरा माणूस हवा. तो शिक्षक नको, पालक नको, अधिकारी तर नकोच.

दुसरी गोष्ट भाषेची. बहुतेक शाळा हिंदी माध्यमाच्या आहेत. बाजारापुरती हिंदी आमच्याकडे सगळ्यांनाच येते, त्यामुळे बाहेरच्याला वाटतं की अडचण काही नाही. पण पुस्तकातली हिंदी वेगळी. घरी ‘मले नाई समजलं’ म्हणणारं पोरगं वर्गात ‘समझ में नहीं आया’ म्हणायला कचरतं आणि गप्प बसतं. गप्प बसलं की ‘कमजोर’ म्हणून त्याची नोंद होते. गोंडी बोलणाऱ्या घरातल्या लेकराला तर मराठी आणि हिंदी अशा दोन पायऱ्या चढाव्या लागतात. त्यात आता पाचवी-आठवीला पुन्हा बोर्डासारखी परीक्षा आहे. या पोराशी बोलायला नागपुरातली शुद्ध भाषेतली ताई काय कामाची? त्याच्याच गल्लीतली बारावी झालेली पोरगी त्याला ‘काहून रे, काल काऊन नाई आला?’ असं विचारेल, आणि तो खरं कारण सांगेल.

हे नुसतं माझं मत नाही. मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांमध्ये ‘प्रथम’ या संस्थेने बालसखी नेमल्या होत्या, त्याचा अभ्यास झालेला आहे. वस्तीतल्याच शिकलेल्या तरुण मुली, दोन आठवड्यांचं प्रशिक्षण, महिन्याला ५०० ते ७५० रुपये मानधन. तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या १५-२० मुलांना त्या शाळेच्याच वेळात रोज दोन तास वेगळं बसवून शिकवायच्या. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात याची मोजणी केली. अहवाल २००७ मध्ये आला. (दोघांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं, तेव्हा पेपरांनी बालसखीची आठवण काढली होती.) मुलांचे गुण खरंच वाढले, आणि सगळ्यात जास्त वाढले ते सर्वात मागे असलेल्यांचे. पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षी फायदा मोठा होता.

पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट आपण सोयीने विसरतो. बालसखी बंद झाल्यावर वर्षभराने पुन्हा तपासलं, तेव्हा कमावलेल्यापैकी बरंच ओसरलं होतं. दोन वर्षं रोज दोन तास देऊनही असं होतं, तर आपल्या सात दिवसांचं काय उरेल, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. आणि गुण ओसरले तर ओसरले, पण लेकराला लळा लावून आठव्या दिवशी बसमध्ये बसणं मला जास्त खटकतं. ज्याचा बाप गेलाय किंवा ज्याची आई सहा महिने परगावी असते, त्याला सोडून जाणारी माणसं कमी भेटलेली नसतात.

आणखी एक बाजू आहे, तिच्यावर ग्रुपवर कोणीच बोललं नाही. मूल विश्वासाने काहीतरी सांगेल. कधी घरातली दारू, कधी मार, कधी त्याहून वाईट. ‘ताई, कोणाले सांगू नको’ असं म्हणून सांगेल. तेव्हा आपण काय करणार? लैंगिक अत्याचाराची माहिती असेल, नुसती शंका असेल, तरी २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. म्हणजे ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन अशा कामात देताच येत नाही. हे मुलाला आधीच, त्याला समजेल अशा शब्दांत सांगावं लागतं. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर त्याला पाठ करून द्यावा लागतो. आणि कळवल्यावर पुढचे महिने त्याच्यासोबत राहावं लागतं. शिबिरार्थी हे कसं करणार? तो तर परत येऊन सेमिस्टरच्या तयारीला लागलेला असेल.

मला विचारलं जाईल, हे सरकारचं काम नाही का? आहेच. शाळांशी जोडलेले प्रशिक्षित समाजकार्यकर्ते आणि समुपदेशक हवेत, असं २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच लिहिलं आहे. संस्थेची ताई आली म्हणून शिक्षकाची जागा रिकामी ठेवायची, हा धोका मला खरा वाटतो. म्हणून अट घालावी लागेल की ती वर्ग घेणार नाही. ‘सर रजेवर आहेत, जरा पाचवी सांभाळा’ याला पहिल्या दिवसापासून नाही म्हणायचं. मुख्याध्यापकांना राग येईल, येऊ द्या.

आणि हे काम फुकट करून घेऊ नये. आपल्यासारख्या कॉलेजात ‘सेवा’ हा शब्द फार लवकर तोंडात येतो, आणि सेवा म्हटलं की पैशाचं बोलायला लाज वाटते. पण क्लिफर्ड मॅन्शार्ड हे मिशनरी मुंबईत नागपाड्याला वस्तीत काम करत होते. त्यांनीच १९३६ मध्ये टाटा ट्रस्टच्या मदतीने समाजकार्याची शाळा उभी केली, तीच आजची टिस. हे शिकून, पगार घेऊन करायचं काम आहे, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

म्हणून माझा प्रस्ताव असा. शिबिर रद्द करावं. पांढुर्ण्यात एक आणि सौंसरमध्ये एक, तिथल्याच दोन मुली किंवा मुलगे निवडावेत. ८००० रुपये महिना, वर्षाचे दहा महिने, म्हणजे दोघांचे १,६०,००० रुपये. मंडळाच्या १६० माजी विद्यार्थ्यांनी वर्षाला हजार-हजार दिले तरी भागतं. दोन वर्षांची हमी द्यायची, तेवढी जमत नसेल तर सुरूच करायचं नाही. नागपूरच्या समाजकार्य महाविद्यालयांपैकी एखाद्याकडून प्रशिक्षण मागायचं. आपण इथे बसून अर्जांचे नमुने तयार करू शकतो, योजनांची माहिती सोप्या मराठीत लिहू शकतो, गोंडी जाणणाऱ्या कोणाकडून ती गोंडीतही करून घेऊ शकतो. वाङ्मय मंडळाला जमण्यासारखं काम हेच आहे.

पुढच्या बैठकीत यावर मतदान घ्या. मध्य प्रदेशात नवं सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं, त्यामुळे माणसं फेब्रुवारीपर्यंत ठरायला हवीत.