कोंबडी मेली, पण कशानं?

जूनच्या पहिल्या आठवड्यात आज्जीचा फोन आला. ‘बाळा, कोंबड्या मराय लागल्यात. सकाळधरनं सहा गेल्या.’ मी सांगलीत, इंटर्नशिपचा दुसराच आठवडा. रात्रीपर्यंत आकडा अकरावर गेला. खटाव तालुक्यातल्या आमच्या गावी आज्जीकडं एकूण सतरा कोंबड्या. अंड्यांच्या पैशातून तिच्या बीपीच्या गोळ्या येतात, भिशी भरली जाते, कधीकधी माझा रिचार्जही होतो. त्यामुळं ‘कोंबड्याच तर आहेत’ असं ज्यांना वाटतंय, त्यांनी हे पान उलटलं तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी मी पोहोचले तेव्हा निकाल लागलेला होता. एक नाही, तीन. काका म्हणाले मानमोडी. गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बर्ड फ्लू, सोबत कुठला तरी जुना फोटो. आणि आज्जी म्हणाली, शेजारणीनं औषध घातलं. का, तर महिन्यापूर्वी आमच्या कोंबड्या तिच्या कोथिंबिरीच्या वाफ्यात शिरल्या होत्या. तिच्याशी बोलणं बंद झालेलं होतं. एवढ्यात भावकीतले एकजण येऊन म्हणाले, ‘दोन तर आत्ताच मेल्यात, टाकून कशाला देताय? रस्सा करू.’

हे शेवटचं वाक्य ऐकून मी एक मेलेली कोंबडी पिशवीत घालून, वर बर्फ टाकून, मोटरसायकलवरून थेट जनावरांच्या दवाखान्यात नेली. आधी बोलणी खाल्ली. उघड्या हातानं का उचलली? बर्ड फ्लू असता तर? आधी फोन करायचा, आम्ही आलो असतो. चूक माझीच होती. मग डॉक्टरांनी हातमोजे चढवून ती कोंबडी उघडली. मानमोडीत, म्हणजे पुस्तकातल्या राणीखेतमध्ये, जठराच्या आत बहुतेक वेळा रक्ताचे बारीक ठिपके दिसतात. ते नव्हते. मानेखालची दाण्याची पिशवी कापली, तर आत गुलाबी मका.

गुलाबी म्हणजे औषध चोळलेलं बियाणं. आमच्याच काकांनी टोकणी करून उरलेलं, पिशवीसकट गोठ्यामागं फेकलेलं. नेमकं कुठलं विष ते प्रयोगशाळाच सांगेल, असं डॉक्टर म्हणाले. पण पिशवी उचलून पुरली आणि उरलेल्या सहा कोंबड्या जगल्या. खाण्यासाठी वापरू नये, असं त्या पिशवीवर छापलेलं होतं. रस्सा झाला असता तर पंधरा-वीस माणसं जेवली असती.

मला राग आला तो याचा, की सगळं अर्ध्या तासात कळलं आणि त्या अर्ध्या तासासाठी कुणीच उठलं नव्हतं. आपण कारण शोधत नाही, कारण ठरवतो. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबारच्या नवापूरमध्ये कोंबड्या मरत होत्या तेव्हाही सुरुवातीला राणीखेतच म्हटलं जात होतं. भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला आणि कळलं, देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याकडं आलाय. २०२१ च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या मेल्या, नमुने गेले, बर्ड फ्लू निघाला. पण त्याच नावाची अफवा कुठंही उडते आणि चिकनचा धंदा बसतो. दोन्ही वेळा दोष एकच: मेलेली कोंबडी कुणी उघडून बघितलेली नसते. आपल्याकडं ती कालव्यात जाते, उकिरड्यावर जाते, नाहीतर पातेल्यात.

सोयी नाहीत असंही नाही. सातारा जिल्ह्यातच, शिरवळला पशुवैद्यकीय कॉलेज आहे. पुण्यात औंधला पशुरोगांची प्रयोगशाळा आहे. १९६२ नंबरवर फोन करता येतो. साथीच्या रोगाची शंका आली तर मालकानं ग्रामपंचायतीला कळवायचं, असं २००९ च्या कायद्यातच आहे. हे आमच्या गावात किती जणांना माहीत असेल? मला स्वतःला मागच्या महिन्यापर्यंत नव्हतं, आणि मी म्हणे मास कॉमची विद्यार्थिनी. मोठ्या पोल्ट्रीवाल्याचे डॉक्टर ठरलेले असतात. सतरा कोंबड्यांच्या बाईचं नुकसान कुठल्याच कागदावर येत नाही. राणीखेतच्या लसीची बाटलीसुद्धा शंभर-शंभर कोंबड्यांची. फोडली की लगेच वापरावी लागते. सतरावाली ती कशाला घेईल? दहा घरांनी मिळून एकाच दिवशी लस टोचून घेतली तर परवडतं, पण ते जमवायला कुणी तरी लागतं. ते कुणी तरी सुट्टीत गावी गेलेले आपण का नसावं? रील करायला जमतं, तेवढ्या वेळात दहा दारं होतात.

आणि कोंबडी मेलीच तर: हातमोजे नाहीतर प्लॅस्टिकची पिशवी हाताला, दुहेरी पिशवीत बांधायची, बर्फात ठेवायची, फ्रीझरमध्ये गोठवायची नाही, कारण गोठली की आतलं नीट दिसत नाही. एकाच वेळी बऱ्याच मेल्या असतील तर हलवायची नाही, आधी फोन.

शेजारणीचं काय झालं? आज्जी अजून तिच्याशी बोललेली नाही. काय बोलायचं तेच तिला कळत नाही. अंडी द्यावीत तर डॉक्टरांनी अजून काही दिवस ती खायला मनाई केलीय. परवा तिनं शेवग्याच्या शेंगांची जुडी बांधून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, ‘तूच दिऊन ये. म्या पाठवल्यात म्हनून सांगू नगंस.’