घरगाडीच्या नळ्या

ज्यांच्या अंगणात जुनी मोटार उभी असेल, त्यांनी यंदा पहिली पणती लावण्यापूर्वी एकदा गाडीखाली वाकून वास घ्यावा. सल्ला विचित्र वाटेल, पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते, आणि आपल्या पणत्याही जमिनीवरच असतात.

आमच्याकडे महिंद्रांची पेट्रोलवर चालणारी जुनी जीप आहे. तिला मागे लाकडी टप चढवलेला असून दिवसाच्या दोन बाकांचे रात्री दोन पलंग होतात आणि कोपऱ्यात गॅसची शेगडी बसते. तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर, कधी पंढरपूर, अशा आमच्या यात्रा तिच्यातून होतात. गल्लीत तिचे नाव ‘घरगाडी’. जिथे मुले निजतात आणि चहा उकळतो, तिथे पेट्रोलचा वास येऊन कसे चालेल? सौभाग्यवतींनी तर निर्वाणीचे सांगितले, “नळ्या बदलल्याशिवाय मी या गाडीत पाऊल ठेवणार नाही.”

मिस्त्रींनी बॉनेट उघडून सांगितले, “काका, वरनं तर ठीक दिसतंय की ओ.” मग त्यांनीच नळी बोटांत धरून वाकवली. वाकवताच तिच्यावर बारीक भेगांचे जाळे उमटले. दुसरे टोक मात्र फुगून मऊ झाले होते.

एकाच नळीला हे दोन रोग कसे? भेगांचे श्रेय आमच्या सोलापूरच्या उन्हाळ्याला. चाळीस अंशांच्या वर पारा गेल्यावर, त्यात इंजिनाची धग मिसळल्यावर, कोणते रबर तग धरील? फुगण्याचे कारण मात्र आतले आहे, आणि ते ऐकून मला हसू आले. ते कारण म्हणजे आमच्याच जिल्ह्याचा ऊस. त्याची मळी आणि रस यांपासून इथेनॉल होते आणि ते पेट्रोलमध्ये मिसळते. कल्पना नवी नाही. ‘पॉवर अल्कोहोल’चा कायदा आपल्याकडे १९४८ सालीच झाला होता आणि ब्राझीलने १९७५ पासून हा मार्ग धरला. आपल्याकडे २०२२ साली मिश्रण दहा टक्क्यांवर पोचले; वीस टक्क्यांचे पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये आले आणि २०२५ पर्यंत ते सर्रास झाले. शेतकऱ्याला त्याने पैसा मिळतो, याबद्दल माझी तक्रार नाही. पण या जुन्या गाड्यांतले रबर निवळ पेट्रोलसाठी केलेले. इथेनॉलने ते फुगते आणि सैल पडते. शिवाय इथेनॉल पाणी शोषते, म्हणून महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची पत्र्याची टाकी आतून गंजते.

जीपमध्ये टाकीपासूनचा बहुतेक रस्ता धातूच्या नळीचा. पण इंजिन रबरी पायांवर बसलेले असल्याने ते हलते, सांगाडा हलत नाही. म्हणून सांगाड्यावरची नळी आणि इंजिनावरचा छोटा पंप यांच्यामध्ये एक लवचिक तुकडा असतो. पंपाच्या अलीकडे भेग पडली तर पंप हवा ओढतो आणि गाडी चढावर गचके देते. पंपाच्या पलीकडे पडली तर पेट्रोल तापलेल्या इंजिनावर उडते. आमच्या गाडीत पलीकडची धातूची नळी काढून कोणीतरी पूर्वी रबर घातले होते! ते काढून पुन्हा धातूची नळीच बसवली.

नळी घ्यायला गेलो तर एका दुकानदाराने पाण्याची नळी पुढे केली. “सगळं चालतं,” म्हणे. मी घेतली नाही. नळीवर ‘एस. ए. ई. जे ३० आर ९’ असे छापलेले पाहून घ्यावे. तिच्या आत इथेनॉलला न जुमानणाऱ्या फ्लुओरो-रबराचे अस्तर असते. किंमत जास्त पडते, ती द्यावी. क्लिपाही आतून गुळगुळीत पट्टीच्या घ्याव्यात; खाचांच्या क्लिपा रबर कापतात.

काम उघड्यावर, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर केले. आधी बॅटरीची ऋण तार सोडली, पेट्रोल पत्र्याच्या डब्यात काढले, मिस्त्रींना बिडी खिशात ठेवायला लावली. नळी पात्याने सरळ कापली, एक्झॉस्टपासून दूर वळवली, पंपावरची हाताची दांडी मारून पेट्रोल वर आणले आणि प्रत्येक सांध्याला कोरडा कागद लावून पाहिला. गाडी तापवून आणल्यावर कागद पुन्हा लावला. कोरडा निघाला. पंपाचा पडदाही रबरी कापडाचा, तोही त्याच वेळी बदलून घेतला. जाळी मात्र तुळजापूरहून आल्यावर पुन्हा उघडायची आहे, कारण इथेनॉल टाकीच्या तळची जुनी घाण सोडवून पुढे पाठवते. शेगडी यापुढे गाडीबाहेर, झाडाखाली पेटेल, असा घरचा हुकूम निघाला आहे.