पंप फिरतोय ना? मग झालं तर!

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत पंप बिघडला की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "फिरतोय ना पंप? मग झालं तर!" या वाक्याशी माझं भांडण आहे. आणि आधीच कबूल करतो, मागच्या वर्षीपर्यंत हे वाक्य सगळ्यांत मोठ्या आवाजात मीच म्हणत असे.

झालं असं. एप्रिलात खालच्या टाकीतून गच्चीवर पाणी चढवणारा आमचा पंप जळला. नवा घ्यायचा की जुना दुरुस्त करायचा, यावर कमिटीची दीड तास मीटिंग झाली. (पुण्यात दीड तासात निर्णय झाला, यावरून प्रकरणाचं गांभीर्य ओळखा.) दुरुस्तीचं ठरलं. मोटर नव्याने भरून आली, बेअरिंग नवी, इंपेलर नवा, वरून चकचकीत रंग. फिटर पंप बसवायला आला तेव्हा अठ्ठावीस बिऱ्हाडं खोळंबलेली, आणि त्याच्या डोक्यावर उभं राहायचं काम माझ्याकडे. तो म्हणाला, "काका, सील आणि पॅकिंग जुनंच आलंय. नवं आणून बसवतो, दोन तास जातील." मी म्हणालो, "अरे बाबा, जुनं चालतंय की! आधी पाणी चढव."

त्याने चढवलं. टाळ्या वाजायच्याच काय त्या बाकी होत्या.

सील म्हणजे काय हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. नंतर त्याच फिटरने समजावलं. मी मराठीचा मास्तर, चुकलं तर इंजिनिअर मंडळींनी कान धरावा. आमच्यासारख्या पंपात मोटर आणि पाण्याची बाजू एकाच शाफ्टवर असते. शाफ्ट फिरता हवा आणि त्याच्या कडेने पाणी तर यायला नको! म्हणून दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर स्प्रिंगने दाबून बसवतात. एक शाफ्टबरोबर फिरते, दुसरी जागच्या जागी. मधे पाण्याचा अगदी पातळ थर राहतो, तेच त्यांचं वंगण. म्हणून पंप कोरडा फिरवायचा नाही; थोड्या वेळात चकत्या तापून खराब होतात. बसवताना त्या चकत्यांवर बोटसुद्धा लावायचं नाही. जुन्या पंपांत सीलऐवजी ग्लँडची दोरी असते, आणि गंमत म्हणजे ती थोडी टपकलीच पाहिजे. पार आवळली तर दोरी जळते आणि शाफ्ट झिजतो. म्हणजे कुठे थेंबही नको आणि कुठे थेंब हवाच, हे कळणं हीच कारागिरी.

सक्शनची बाजू तर आणखी लबाड. तिथला सांधा सैल राहिला तर पंप चालू असताना पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. खाली थेंब दिसत नाही, आणि पंप नुसता घुमत राहतो. मग आपण बिचाऱ्या मोटरला शिव्या घालतो.

आमच्याकडे मात्र थेंब दिसत होता. आठवडाभर सगळे बघत होतो. कुणी एम-सील थापायला सांगितलं, कुणी खाली डबा ठेवला. पाणी शाफ्टवरून मोटरीत शिरत होतं. आणि पंप काढताना सोडलेली अर्थिंगची वायर घाईत परत जोडलीच गेली नव्हती. एका पहाटे आमचा वॉचमन अनवाणी, ओल्या फरशीवर उभा राहून व्हॉल्व्ह फिरवायला गेला. झटक्याने मागे फेकला गेला म्हणून वाचला. त्याची बायको मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

यावर लोक म्हणतात, "काका, हल्ली फिटर लोकांनाच काम येत नाही." खोटं आहे हे! पंप बनवणं महाराष्ट्राला नवं नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर कारखाना उभा केला, तिथे नांगर झाले, पुढे पंप झाले. आमच्या फिटरलाही काम येत होतं. त्याने नवं सील मागितलं होतं. नाही म्हणणारा मी होतो. आपण नव्या वाइंडिंगचे पैसे देतो, कारण ते बिलात दिसतं. शेवटच्या दोन तासांचे द्यायला जिवावर येतं.

२८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत कोसळलं. त्याच्या बाजूच्या रॉकेटांचे भाग वापरून झाल्यावर समुद्रातून काढत, दुरुस्त करून पुन्हा जोडत. सांध्यात रबरी कडी असायची. त्या थंडीत रबर ताठरलं आणि सांधा फुटला. आदल्या रात्री इंजिनिअर नको म्हणत होते. वरच्यांना घाई होती. सात माणसं गेली, त्यांत एक शाळेतली शिक्षिका होती, क्रिस्टा मॅकॉलिफ. मास्तरकी केलेल्या माणसाला ते नाव विसरता येत नाही. माझी घाई त्याच जातीची होती, एवढंच की माझं नशीब बरं.

मुलांना आम्ही सांगायचो, गणित सुटलं म्हणजे संपलं नाही, ताळा करून बघ. पंप बसवणं हा दुरुस्तीचा ताळा आहे. आता आमच्या सोसायटीच्या वहीत मी लिहून ठेवलंय: सील आणि पॅकिंग नवंच. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे. आधी पाणी भरायचं, मगच बटण. अर्थिंग जोडून तपासायची. तासभर चालवून कोरड्या फडक्याने प्रत्येक सांधा पुसून बघायचा. आणि या तासाचे पैसे फिटरला वेगळे, न घासाघीस करता द्यायचे.

शेवटची ओळ मात्र माझ्यासाठी आहे: काम चालू असताना फिटरच्या डोक्यावर कुणीही उभं राहायचं नाही.